नगरकरांना इंग्रजी नाटक दाखवताना

२ मार्च, रविवार
लीड्सला येऊन सहा महिने झाले. इथल्या आमच्या 'नगरकर' ग्रुपवर अजून फक्त गुड मॉर्निंग आणि कुठे मेथी मिळते, एवढंच. कुणीतरी पातळी उंचावायला हवी. ठरवलं, सगळ्यांना इंग्रजी नाटक दाखवायचं. शनिवार १५, दुपारी दोनचा शो. दिशाने लगेच अंगठा दिला. दिशा राजूरची, डेटा सायन्स करते. तिच्यासाठी हे करत नाहीये.

३ मार्च
तिसगावला आईला सांगितलं. म्हणाली, "तिकडं शिकाया गेलास का नाटकं बघाया?" आईला कल्चर समजावणं अवघड आहे.

६ मार्च
नाटकाला यायला अकरा तयार होते, सहा उरले. क्वालिटी महत्त्वाची. शेजारच्या खोलीतला सहादेव येतोय. आमच्या तिसगावचाच. शनिवारी गोदामात पेट्या उचलतो, त्या दिवशी सुट्टी टाकली म्हणाला. "अजिनाथ, इंग्रजी लई फास्ट असंल का रं?" मी म्हणालो, घाबरू नको, इंटरव्हलला मी समजावीन.

८ मार्च
लायब्ररीतून नाटकाचं पुस्तक आणलं. रोज दहा पानं.

१२ मार्च
पान चार. कव्हर चांगलं आहे.

१४ मार्च
ग्रुपवर चौदा सूचना पाठवल्या. पहिली : दीड वाजता स्टेशनच्या घड्याळाखाली जमणे. उशीर चालणार नाही. हर्षल म्हणाला, थिएटर आमच्या घरामागंच हाय, स्टेशनला कशाला? वडील नागापूर एमआयडीसीत फोरमन, पोराला शिस्त नाही. दिशाच्या आग्रहाखातर तिकिटं ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवली. माझ्याकडेच ठेवणार होतो.

१५ मार्च
१:२० – ब्लेझरला इस्त्री.
१:५५ – घड्याळाखाली मी एकटा. लोकांना वेळेची किंमत नाही.
१:५८ – दिशाचा फोन. सगळे आत बसलेत, तू कुठे आहेस?
२:२० – पोचलो. दारावरच्या बाई म्हणाल्या, आता इंटरव्हललाच. पहिला अंक बाहेरच्या छोट्या टीव्हीवर पाहिला. आवाज बंद. त्यामुळे निव्वळ अभिनयावर लक्ष देता आलं.
इंटरव्हल – सहादेवनेच मला गोष्ट सांगितली. म्हातारा बाप, दूर गेलेला मुलगा, फोन करत नाही. "समदं कळतंय रं," म्हणाला. माझे कष्ट वाचले.
दुसरा अंक डोळे मिटून ऐकला. जाणकार असाच ऐकतात.

१६ मार्च
दिशा म्हणते, मी घोरत होतो. पुढच्या रांगेतल्या आजी दोनदा वळून बघत होत्या म्हणे. आणि सहादेव रडत होता. बाहेर आल्याआल्या त्याने बापाला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा. म्हातारा घाबरून उठला, काय झालं रं? तर हा म्हणे, "काय न्हाई दादा, नुस्ता आवाज ऐकायचा हुता." अर्धा तास पावसात उभं राहून बोलला. दिशा तेवढा वेळ त्याच्यावर छत्री धरून उभी. छत्री माझी. खुर्चीखाली विसरलो होतो.
एकूण उपक्रम यशस्वी. नाटक मात्र जरा संथ.

२२ मार्च, शनिवार
दिशा आणि सहादेव दुसऱ्या एका नाटकाला गेलेत. हर्षलकडून कळलं. मला विचारलं नाही. दोनच तिकिटं शिल्लक असतील.
आज कपडे धुतले.