साठ अंशांची अट

मंगळवार, १० डिसेंबर १९७४

एक्केचाळीस! साहेबांनी थर्मामीटर पुसला, पुन्हा बुडवला — एक्केचाळीसच. वर्षभर रोज शाळेआधी डोंगरात जाऊन मी मोजतोय. चौसष्टच्या खाली हा ऊन पाण्याचा झरा एकदाही उतरला नाही. आणि भूगर्भ खात्याची जीप आली त्याच दिवशी याला थंडी वाजली!

अट साधी होती. वर्षभराच्या नोंदी द्यायच्या आणि साहेबांसमोर साठ अंश भरले पाहिजेत. मग सरकार बोअरसाठी अनुदान देणार, जमिनीतल्या वाफेवर वीज होते का ते बघणार. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, विजेचा शेवटचा खांब तिकडे संग्रामपूरला. शाळेतल्या पोरांना मी बल्बची चित्रं काढायला लावली होती!

साहेब वही चाळत म्हणाले, "गुरुजी, रोज डोंगरात? की घरी बसूनच आकडे भरले?" जीपमधले दोघं हसले. सगळा गाव बघायला जमलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ११

ओढ्याचं पाणी वळवलंय! वरच्या अंगाला ताजा चर, थेट झऱ्याच्या तोंडात सोडलेला. बुजवला. तासभर थांबून मोजलं — चौसष्ट. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. गावातल्याच कुणीतरी.

गुरुवार, १२

पंजाबराव! दुसरं कोण? सरपंच म्हणून अर्जावर सही ठोकली, पण गावातली इंजिनावरची चक्की त्यांचीच. वीज आली की दुसरी चक्की येणार. पारावर सगळ्यांदेखत म्हणालो, "केसानं गळा कापलात!" ते चिडलेसुद्धा नाहीत. "मास्तर, आंधी घरी जाऊन इचारा, मंग बोला." चोराच्या उलट्या बोंबा!

शुक्रवार, १३

जेवलो नाही. शाळेत विनाकारण दोघांना मारलं.

रविवार, १५

झुंबरनंच सांगितलं. माझ्या बायकोनं! भाकरी थापता थापता, मान वर न करता — "पंजाबरावले काऊन बोल लावता? चर आमी बायायनं खंदला. म्याच सांगतलं त्यायले."

वर्षभर पहाटे उठून मला चहा करून देणारी, थर्मामीटर फडक्यात गुंडाळून हातात देणारी हीच! पंजाबरावांनी केलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो. हिनं केलं, आणि माझी फजिती होताना बायकांत उभी राहून बघितली. मी ओरडलो. फार वाईट बोललो.

मग तीही उठली. "सरकारचा कागद तुमी पेटीत दडवला. म्या शालूकडून वाचून घेतला." शालू आमची मुलगी, सातवीत आहे. "बोअर सुरू झाला का झऱ्याले तारेचं कुंपण. पाच साल कोनी आंघोळ करायची नाही. बायायचं कुंड गेलं! बाळंतिनीले कुठी न्याव? म्हाताऱ्या कलाबाईचे गुडघे कायनं शेकाव? तुमी अन् सरपंचानं सही केली गावाच्या नावानं. आमाले इचारलं का एक डाव?"

मी म्हणालो, पाच वर्षांनी घरात वीज येईल. "असंन. मंग सांगतलं काऊन नाही?"

तो कागद मी तीनदा वाचला होता. कुंपणाचं कलम पाठ आहे. ती नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून सांगितलं नाही.

तरी राग जात नाही. मला तोंडावर सांगायचं होतं!

सोमवार, १६

पंजाबरावांची माफी मागितली. "आमच्या घरची बी होती कुदळ घेऊन," म्हणाले. सगळ्या गावाला माहीत होतं. मला सोडून.

शनिवार, २१

खात्याचं पत्र. झऱ्यात कुणी ढवळाढवळ केली असल्यास नावं कळवा, कारवाई करू आणि पुन्हा मोजायला येऊ. नाहीतर नोंदी बनावट समजून शिक्षण खात्याला कळवू.

नावं दिली तर वीज. नाही दिली तर माझी अठरा वर्षांची नोकरी चौकशीत. झुंबरला दाखवलं नाही. मग लक्षात आलं, पुन्हा तेच करतोय. शालूला हाक मारली, आईसमोर वाचायला लावलं. झुंबर म्हणाली, "द्या नावं. पयलं माहं लिवा."

सोमवार, २३ डिसेंबर

उत्तर टाकलं — "थर्मामीटर वाचण्यात वर्षभर माझीच चूक झाली." झऱ्याबद्दल मी सरकारला कळवलेली ही एकच गोष्ट खोटी.