बत्तीस पुस्तकं, तेहतीस कव्हरं

१६ जून, सोमवार
तिसरीच्या वाचनकोपऱ्याची जबाबदारी मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंनी माझ्यावर टाकली. आजवर का टाकली नव्हती, हेच आश्चर्य. संकल्प: पुस्तकांत विविधता, पालकांचा सहभाग. दिवाळीपर्यंत प्रत्येक मूल एक पुस्तक शेवटपर्यंत वाचेल. साई सोडून. तो पुस्तकाची उशी करतो. त्याच्या हातून या जन्मी वाचन होणे नाही.

२३ जून
बत्तीस पुस्तकं आणली. कीटक, स्वयंपाक, अवकाश, जंगलातल्या गोष्टी. निवड मागचं कव्हर वाचून केली. अनुभवी माणसाला तेवढं पुरतं. आतलं उद्यापासून वाचणार.

२८ जून, शनिवार, सकाळी ९
आतलं राहिलं. मंडईत जायचं होतं. अकराला पालकसभा. रोजनिशी सोबत नेतोय, सूचना टिपायला.

३० जून (सुट्या कागदावर)
रोजनिशी सापडत नाही. बहुतेक धायरीच्या बसमध्ये राहिली. स्वारगेटच्या बस डेपोत चौकशी करीन.
सभेला अठ्ठेचाळीसपैकी अकरा आले. साईची आई अपेक्षाताई कंपनीतली शिफ्ट बदलून आली होती. म्हणाली, पुस्तकं निवडतानाच आम्हाला बोलवायचं होतं की सर. मी हसलो. सहभाग म्हणून सगळ्यांना खाकी कव्हरं घालायला बसवलं आणि चहाला गेलो. परत येईतो टेबलावरचं सगळं आवरून कपाटात. पुस्तकं बत्तीस, कव्हरं म्हणे तेहतीस लागली. पालकांना मोजतासुद्धा येत नाही.

२ जुलै
कव्हरांवर नावं घालायची राहिली. सलोनीला कीटक हवे होते, स्वयंपाक मिळाला. रडली. विविधता म्हणतात ती हीच.

१० जुलै
स्वारगेटला गेलो नाही. गुडघा. अभिप्रायाचे फॉर्म घरोघर पाठवले होते, एकही परत नाही. एकट्याने किती करायचं? खरंच दमलो.

१८ जुलै, शुक्रवार
पहिला फॉर्म आला. साईचा.
पुस्तकाचं नाव: कव्हरावर नाही.
प्रकार: विनोदी.
किती वाचलं: सगळं. आईला वाचून दाखवलं.
काय शिकलास: सर पण सगळं उद्यापासून करतात.
सोबत पुस्तक परत. कव्हर काढलं. माझी रोजनिशी. उशीच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ.
फॉर्मवर खाली पालकांचा अभिप्राय, अपेक्षाताईंच्या अक्षरात: पुस्तक अपुरं वाटलं. त्यातला साई शेवटी वाचतो. तेवढं लिहून घ्यावं, सर.
लिहून घेतलं.