लाल गाडीतून सुटका

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठे व्यवहार करणाऱ्या माणसाकडे नोंदी हव्यात.
विषय: लाल गाडी. दारं दोन. तीन वर्षांच्या लीजवर घेतलेली, अकरा महिने झालेत. बायकोला आठवा महिना. काल बाळाची सीट मागे बसवून पाहिली. सीट आत गेली, पाठोपाठ मीही गेलो. बाहेर यायला पंचवीस मिनिटं लागली. बायको फुटपाथवर उभी राहून बघत होती. म्हणाली, बाळ यायच्या आत या गाडीचं काय ते कर.
करतो. दहा एप्रिलपर्यंत वेळच वेळ आहे. आणि खरेदी खात्यात उगाच नाही बारा वर्षं काढली. खोकी, चिकटपट्टी, सुतळी! भल्याभल्यांना पाणी पाजलंय.

५ मार्च
लीजच्या ऑफिसात फोन. तिथल्या बाई गोड बोलतात. मुदतीआधी गाडी परत केली तर उरलेल्या हप्त्यांपैकी निम्मे भरावे लागतील म्हणाल्या. मी गप्प बसलो. आपण गप्प बसलो की समोरचा घाबरून दर उतरवतो, हे जुनं तंत्र. चार मिनिटं गप्प होतो. मग लक्षात आलं, त्यांनी फोन केव्हाच ठेवलाय.
परिणाम झाला असणार.

६ मार्च
पुन्हा फोन. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येतं म्हणे. कालच का नाही सांगितलं? तर मी काही बोललोच नाही म्हणे.

९ मार्च, रविवार
जाहिरात टाकली. दिवसभरात एकच फोन, तोही मेहुण्याचा. म्हणाला, दाजी, गाडी एवढी झकास आहे तर सोडताय कशाला? खोचक माणूस. फोन ठेवला.

१४ मार्च. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत
गिऱ्हाईक मिळालं! गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे सात सीटची मोठी गाडी, तीही याच कंपनीकडून लीजवर. नातवंडांसाठी घेतली होती. मुलाची बदली झाली, नातवंडं गेली, गाडी उरली. त्यांना छोटी हवी, मला मोठी. त्यांच्या गाडीत बाळाची सीट एका हाताने बसली. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एकदाच ओरडलो.

१७ मार्च, सोमवार
आज खरा डाव टाकला. लीजवाल्या बाई म्हणाल्या, अदलाबदलीचा एकच अर्ज करा, झाला तर दोन्हीकडून होईल, नाहीतर काहीच नाही. मी म्हटलं, छे! दोन स्वतंत्र अर्ज. उद्या शिक्षिकाबाईंनी मोठ्या गाडीबाबत माघार घेतली तरी माझी लाल गाडी तर सुटेल! बाईंनी तीनदा विचारलं, नक्की ना? अनुभव नसला की माणसं अशी चाचरतात. सही करताना शिक्षिकाबाई माझ्याकडे काळजीने बघत होत्या. हरल्याचं दुःख असावं.
बायकोला सगळं समजावलं. ती म्हणाली, एकच अर्ज का नाही केलास? तिला विश्रांतीची गरज आहे.

२४ मार्च
माझा अर्ज मंजूर! मोठी गाडी माझ्या नावावर. ३१ तारखेला ताब्यात. बायकोला म्हटलं, बघ.

२५ मार्च
शिक्षिकाबाईंचा अर्ज नामंजूर. कंपनीचा नियम आहे, सत्तरीच्या पुढच्या माणसाला नवीन लीज मिळत नाही. बाईंनी गेल्याच महिन्यात सत्तरी ओलांडली. त्यांनी स्वतः फोन केला, फार वाईट वाटलं म्हणाल्या. माझा अर्ज मागे घेता येईल का, असं लीजवाल्या बाईंना विचारलं. तो स्वतंत्र आहे म्हणाल्या.
मेहुण्याला कळलं. लोकांचं तेलही जातं नि तूपही जातं, म्हणे, दाजींच्या घरी दोन्ही आलंय.
बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला ताण नको. उद्या सांगतो.

२६ मार्च
मुलगी झाली. पंधरा दिवस आधी. सिझेरियन, दोघी ठीक. माझं बोट धरून झोपली आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. मी रडलो. नर्सने बघितलं.
शुद्धीवर आल्यावर बायकोचं पहिलं वाक्य: माझ्या भावाचा मेसेज आला होता.

२९ मार्च, शनिवार
आज घरी सोडलं. मोठी गाडी सोमवारी मिळणार. लाल गाडीच्या मागच्या सीटवर टाके घातलेली बाई शिरू शकत नाही, हे डॉक्टरांनाही मान्य. बिल्डिंगमध्ये पार्किंग एकच, त्याचं सोमवारनंतर बघू. टॅक्सी केली.
टॅक्सीवाला बोलका. आरशातून मागे बघत म्हणाला, साहेब, आता लेकरू झालंय, स्वतःची एखादी गाडी घेऊन टाका.
बायको हसायला लागली. टाके ओढले म्हणून थांबली, पोट धरलं, आणि पुन्हा हसली.
बघतो म्हटलं.