सोमवारचा स्नॅपशॉट

९ एप्रिल २०१२, सोमवार
भूमेश्वरी मॅडम आजपासून पाच दिवस रजेवर. तपासणी केंद्राचा संगणक माझ्यावर! मी सातवी शिकलेला शिपाई. कागदावर इंग्रजीत एक ओळ दिली आहे. संध्याकाळी काळ्या पडद्यावर तीच टाइप करायची, शेवटी तारीख. मग डिस्कच्या पेटीत त्या घडीचा डाटा जसाच्या तसा धरून ठेवला जातो. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. काही बिघडले तर मागे जाता येते.
जाताना मॅडम म्हणाल्या, "दिवसाला एकदाच, काका. काऊन घाबरून राहिले?"
घाबरू नको तर काय! अर्जुनी मोरगावच्या शिबिराचे सिकलसेलचे, म्हणजे आईबापांकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे, निकाल त्यात आहेत. कच्ची यादी फाडली, कार्डे छापायची आहेत. माझी नात पिंकीही त्यात. नॉर्मल — मॅडमनी वाचून दाखवले. तिचा होणारा नवरा राजदीप वाहक आहे, म्हणजे स्वतः धडधाकट, पण आजार रक्तात. पिंकी नॉर्मल, म्हणूनच मेमधले लग्न ठरले. दोघेही वाहक असते तर लेकरांना आजार व्हायची भीती.

१० एप्रिल
केले. कालच्यासारखेच. कुडव्याला घरी पोहोचलो आणि वाटले — एन्टर दाबले का? सायकल परत फिरवली. पुन्हा केले, तारखेपुढे २ लावून.

११ एप्रिल
तीनदा.

१२ एप्रिल
चारदा. तारखेपुढे १, २, ३, ४ लावले. झाडणाऱ्या वच्छलाबाई म्हणतात, "अंड्यावर बसल्यावानी काऊन बसले जी?" म्हणोत.

१३ एप्रिल, शुक्रवार
घात झाला! मंगळवारी सकाळी कोणी चुकीची यादी चढवली, अर्जुनीच्या निकालांचा रकाना कोरा झाला. आज डॉक्टरसाहेबांना दिसले. सोमवारचा स्नॅपशॉट हवा. मॅडमना फोन लावला, पडद्यावरची नावे एकेक वाचली. आजचा सकाळचा धरून आठ. सोमवारचा नाही! पेटीत आठच राहतात. नववा केला की सर्वांत जुना आपोआप पुसला जातो.
"कायले इतके केले, काका?" रडवेला आवाज. पासवर्ड शिपायाला दिला म्हणून त्यांच्यावर येणार.
साहेबांना सांगितले — मॅडमनी एकदाच सांगितले होते, चूक माझी.
"अब सब का खून फिर से लो!" साहेब ओरडले.

१७ एप्रिल
पुन्हा शिबिर. "आमचं रक्त विकून राहिले का बे?" — रांगेतून. मान वर केली नाही. पिंकी हसत होती, "आबाजी, तुमच्यापायी दुसऱ्यांदा टोचून घेऊन राहिली मी!" तिच्या नळीवरचे नाव तीनदा वाचले.

१९ एप्रिल
पिंकीचा निकाल आला. वाहक. साहेबांनी दोनदा तपासला. मागच्या वेळी नळी बदलली असावी, म्हणाले.
राजदीपच्या घरी सांगायला मलाच जायचे आहे.