दातांच्या डॉक्टरांच्या कुकीज

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू अर्ध्यातच 'बरं बरं, नंतर बोलू' म्हणतोस आणि मला हे एका दमात सांगायचं आहे.

आपल्या वरच्या मजल्यावर ते दातांचे डॉक्टर राहायला आलेत ना, निवृत्त झालेले, एकटेच. मी मनातल्या मनात त्यांना 'दंतकथा' म्हणते, कारण त्यांच्याबद्दल जे ऐकावं ते खरं वाटत नाही. जन्मभर लोकांच्या दाढा उपटल्या आणि आता म्हातारपणी करतात काय, तर चॉकलेटच्या कुकीज! चांगल्या ताटभर, आणि जिन्यात दिसेल त्याला वाटतात. पूर्वी निदान किडलेला दात भरून तरी द्यायचे. आता दवाखाना बंद, किडवण्याचं काम मात्र जोरात. वर चेहरा असा, की नुकतीच लॉटरी लागलीय. थंडी सरली तसे ते प्रत्येकाला गाठून 'वसंत आला!' म्हणून बातमी देत सुटले, जसं काही यांनीच गाडी पाठवून त्याला आणवलं. माझा वसंत म्हणजे माझं नाक. रस्त्यावरच्या झाडांना मोहोर आला की मला शिंकांवर शिंका. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा आणि त्याच क्षणी तोंड फिरवून शिंकायचं, ही कसरत मी दर वर्षी करते. तर दंतकथा मला म्हणतात, "झाडं तुम्हाला हाका मारतायत." आता अशा माणसाचं काय करावं?

त्यांचा ओव्हन बिघडला आणि आपले दिवस फिरले. एका रविवारी ते लोण्याचं भांडं छातीशी धरून दारात उभे. "तुमच्याकडे ओव्हन आहे असं कळलं." होता ना! तू पहिल्या पगारात आईसाठी आणलेला. बाबांनी त्याला 'विजेचा डबा' म्हणून हिणवलं आणि आईने त्यात कढया ठेवल्या, तेव्हापासून तो कढयांचं कपाट. बाबा जाऊन तीन वर्षं झाली तरी कढया तिथेच. मला वाटलं आई नाही म्हणेल. तिने सरळ कढया काढून माझ्या हातात दिल्या.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. फुलाफुलांचा एप्रन घातलेला म्हातारा आपल्या ओट्याशी लोणी आणि साखर घोटतोय आणि आपली आई, जिने बाबांना कधी आपल्याला चहात साखर जास्त लागते एवढंही सांगितलं नाही, ती त्यांना सांगतेय, "अहो, हळू, उडतंय सगळं." पहिल्या घाण्याला मैदा कमी पडला. गोळे पसरून एकमेकांत मिसळले आणि ट्रेभर एक काळा नकाशा झाला. मी म्हटलं, झाली शोभा. तर दंतकथांनी खिशातून दांडीचा तो इवलासा आरसा काढला, तोंडात घालून दाढ बघतात तो! तो ट्रेच्या कडेला तिरका धरून खालची बाजू करपलीय का ते बघायला लागले. ओव्हनला म्हणाले, "जरा मोठा आ करा." असले विनोद.

आणि आई हसली. तोंडावर पदर धरून नाही, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी सांडशी हातात धरून तिथेच उभी राहिले. आपली आई हसली की तिच्या नाकावर बारीक सुरकुत्या पडतात. तुला माहीत होतं? मला नव्हतं.

मग दर रविवारचं ठरून गेलं. पीठ आदल्या दिवशी मळून फ्रिजमध्ये ठेवायचं, कुकी मधोमध मऊ असतानाच बाहेर काढायची, ती ट्रेवर आपली आपण घट्ट होते, हे सगळं आई मला शिकवायला लागली, जसं मी विचारलं होतं. वाऱ्याचा त्रास नको म्हणून बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटपट्टी मारली होती. ती तिने सुरीने खरवडून काढली. खिडकी उघडली, समोरच्या झाडाची कोवळी पानं दिसली आणि दोघं लहान मुलांसारखी तिथे उभी. मागे मी शिंकतेय, त्याचं कुणाला काही नाही. गोड खाऊन गोडगोड बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. कुकीज मात्र चांगल्या व्हायला लागल्या, हे नाइलाजाने लिहिते.

मग आईने तुला तो फोटो पाठवला. ती हातात ट्रे घेऊन, मागे एप्रनवाले. फोटो मीच काढला, तिने तीनदा केस सारखे करून घेतले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. दादा, तुला कल्पना नसेल, पण आईला हल्ली कमी ऐकू येतं, ती फोन स्पीकरवर ठेवते. मी दाराआड कपड्यांच्या घड्या करत होते. 'बाबांच्या घरात परका माणूस', 'या वयात शोभतं का', 'माझ्या फोनमधले फोटो सासुरवाडीची माणसं बघतात', सगळं ऐकलं. आई फक्त 'हो रे' म्हणत होती. बाबांना म्हणायची तसंच.

दुसऱ्या दिवशी कढया परत ओव्हनमध्ये गेल्या. रविवारी डॉक्टर आले तर तिने दार अर्धंच उघडलं आणि गुडघे दुखतात म्हणाली. त्यांनी दाराशी डबा ठेवला, तो तिने माझ्या हाती न उघडता वर परत पाठवला. खिडकी बंद. माझ्या नाकाला एकदम आराम पडला, आणि तरी मला घरात बसवेना.

इतके दिवस मी समजत होते की मला जगात सगळ्यात जास्त तिटकारा दंतकथांचा आहे. तुझ्या त्या फोनच्या वेळी घडी करत असलेली चादर हातात तशीच राहिली, तेव्हा कळलं की नाही, त्यांचा नंबर खाली गेला. वर कोण आलं ते तुला सांगायला नको. सणसणीत पगार, मोठं घर, आणि आई एका रविवारी हसली तर सासुरवाडीला काय वाटेल याची धास्ती! वर्षातून एकदा दोन दिवस येतोस, त्यातही फोनवर असतोस. बाबांचं सगळं घेतलंस रे, आवाजसुद्धा.

काल मी वर गेले. डॉक्टरांनी दार उघडलं, आधी विचारलं, "आईंचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "गुडघ्यांना काही झालेलं नाही. रविवारी या." ते म्हणाले, "त्यांच्या मुलाला चालेल?" म्हणजे उघड्या खिडकीतून तो फोन त्यांनाही ऐकू गेला होता. एवढा बडबड्या माणूस, पण हे विचारताना दाराची कडी चाचपत होता. मला ते आजही आवडत नाहीत. पण मी म्हणून बसले, "मुलाचं मी बघते."

तर दादा, बघतेय. शनिवारी आईला फोन कर. माफीबिफी मागू नकोस, तिला सवय नाही, ती घाबरेल. उद्या काय भाजणार आहेस, एवढंच विचार आणि तिचं उत्तर संपेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझीच, त्याला काही इलाज नाही म्हणून,
छोटी