रेखासाठी लेखनिक

३ फेब्रु.
सोसायटीच्या अभ्यासिकेत आज रक्त सांडलं. खालच्या इस्त्रीवाल्या गुलाबची रेखा, बारावीची. सेक्रेटरी म्हणून मीच तिला तिथे बसू दिलेलं. दुसऱ्या मजल्यावरचे भामरे आले, तर त्यांची अकरावीतली इरा रेखाकडून गणित समजून घेतेय. डोकंच फिरलं त्यांचं. "मेंटेनन्स आम्ही भरायचा आणि एसीत ही बसणार?" रेखाची वेणी धरून ओढली. तिने चौकट घट्ट धरली. त्यांनी लोखंडी दार तिच्या हातावर आपटलं. पुन्हा आपटलं. किंकाळी ऐकून मी धावले. पायातली चप्पल काढून त्यांच्या तोंडावर हाणली. खेद नाही.

४ फेब्रु.
रेखाचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. बोर्डाची परीक्षा तोंडावर. पो. स्टे.ला तक्रार दिली, साक्षीदार मी. गुलाब हात जोडून उभा, "मिटवा ना मॅडम. टपरी सोसायटीच्या भिंतीला हाय. उद्या उचलून फेकतील."
त्याच्यावरच ओरडले.

६ फेब्रु.
लेखनिक घ्यायला परवानगी मिळाली. खालच्या वर्गातला हवा. बिल्डिंगभर फिरले. सगळ्यांच्या पोरांना एकाच दिवशी ताप!
संध्याकाळी इरा वर आली. "काकू, मी लिहीन."
ती खाली गेली आणि पट्ट्याचे आवाज. जाऊन दार बडवलं. भामऱ्यांच्या हातात पट्टा तसाच. "तक्रार मागे घ्या. मग खुशाल लिहू दे तिला."
"रेखाला विचारते. आधी तो पट्टा टाका."
टाकला नाही.

७ फेब्रु.
रेखाला सगळं सांगितलं. वर्ष गेलं तर?
"तर पप्पा लग्न लावून देतील."
मग तक्रार मागे घेऊ?
"नको. त्यांनी दार दोनदा आपटलं, मॅडम. एकदाच असतं तर चुकून म्हटलं असतं."
पोरीला जेवायला वाढलं. डाव्या हाताने घास सांडत होता. भरवू का म्हटलं, तर ताट स्वतःकडे ओढलं.

९ फेब्रु.
उद्या पहिला पेपर. दुपारी इरा आली, ओठ फाटलेला. तिच्या आईने लेखनिकाच्या संमतीपत्रावर सही केली आणि त्यापायी मायलेकींनी मार खाल्ला. रेखा आणि इरा माझ्याकडे आत सराव करतायत.
रेखा डाफरतेय, "मी सांगते तेवढंच लिही. स्वतःचं डोकं चालवू नको."
"बरं, बाईसाहेब."
बाहेर भामरे दारावर लाथा घालतोय. पोलिसांना फोन केला. "येतो" म्हणाले. दारामागे कपाट सरकवलं.
परीक्षा केंद्र देवळाली कॅम्पला. सकाळी दोघींना घेऊन त्याच्याच दारावरून उतरायचंय.