सोमवारचा डबा

।। श्री ।।
पाली, २३ जानेवारी २०२५

चि. योगितास, दादाचा आशीर्वाद. वि. वि.

काल आईचं तेरावं झालं, म्हणून आज कागदावर श्री लिहिता आलं. तुझा फोन सरांकडे जमा असतो, आणि फोनवर मला नीट बोलताही येत नाही. म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी तू पुण्याला परत गेलीस ते बरं केलंस. भिवराआत्या सगळ्यांदेखत म्हणाली की पोरीला आईपरीस आखाडा मोठा झाला. मी म्हटलं, तिच्यावर नियम आहेत. कसले, ते मला सांगता आलं नाही.

दहाव्याला बिंदुसरेच्या धरणावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. दोन तास झाले. त्रिंबककाका म्हणाले की कडूबाईनं जिती असताना कुणाचं ऐकलं न्हाई, आता काय ऐकती. आबांनी शेरडं सांभाळीन असा शब्द दिला, आत्यानं हात जोडले. शेवटी शिवला एकदाचा. उन्हाने सगळ्यांची डोकी दुखत होती.

मी सोमवारपासून शाळेत जाईन. आबा बरे आहेत, कमी बोलतात. जेवत जा. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
दादा


पुणे, २८ जानेवारी

ती. दादास, योगिताचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. आत्याला सांग की माझं नाव उत्तेजकांच्या तपासणीच्या यादीत आहे. रोज सकाळी एक तास मी कुठे सापडेन हे आधी कळवून ठेवावं लागतं. न सांगता माणसं येतात, लघवीचा नमुना घेतात. वर्षात तीनदा सापडले नाही तर बंदी. आईला अग्नी द्यायच्या आधी मी गोठ्यामागे जाऊन मोबाईलवर ठिकाण बदललं, पुणे खोडून पाली लिहिलं. आत्याने तेच पाहिलं असेल.

लाडू मिळाले. वहिनीला सांग, एवढ्या दुःखात कशाला त्रास घेतला. काल पंडित कंडक्टरकाकांनी नेहमीप्रमाणे वसतिगृहावर निरोप ठेवला की डबा आलाय, घेऊन जा. तीन वर्षं दर सोमवारी आई त्यांच्याच गाडीवर डबा द्यायची.

एक विचारायचं आहे. फडक्याला आईच्याच तीन गाठी होत्या, तिसरी उलटी. ही गाठ वहिनीला कुणी शिकवली? आणि बीडहून सहा-सात तासांचा प्रवास होऊनही डबा खालून कोमट होता.

लोभ असू दे.

तुझी,
योगी


पाली, २ फेब्रुवारी

चि. योगितास, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी रोहिणीला वाचून दाखवलं. तिने डबा पाठवलेला नाही. घरात डिंकही नाही. मग मी आत्याला विचारलं. ती म्हणाली की मला सांधेदुखीनं भाकर थापवना, लाडू कुठून वळू.

आज रविवार म्हणून बीडला गेलो. पंडित स्टँडवर चहा पीत होता. त्याला आई गेल्याचं माहीत नव्हतं. सोमवारी डबा कुणी दिला विचारलं तर म्हणाला, कावून विचारता गुरुजी, मावशीनंच दिला की. खांबाजवळ हुभ्या होत्या, पदर फुडं वढलेला. बोलल्या न्हाईत, पण त्या बोलतात कवा. मग मी सांगितलं. त्याने अर्धा कप तसाच खाली ठेवला.

तुला एक सांगितलं नव्हतं. दहाव्याला सगळ्यांचे शब्द देऊन झाले तरी कावळा लांबच बसला होता. तेव्हा मी पिंडापुढे बसून मनात म्हणालो, आई, योगीचा डबा चुकणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत तो खाली आला.

मला वाटलं होतं की रोहिणीकडून करून मीच पाठवत जाईन. तेराव्याच्या गडबडीत राहून गेलं. पिंडापुढे दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे तूही जाणतेस. म्हणून मोठा भाऊ म्हणून सांगतो, त्यातला एक लाडू खा. तिचा जीव शांत होईल. आईच्या हातच्या लाडवाला कुठला नियम आड येतो?

उत्तर लवकर दे.

दादा


पुणे, ५ फेब्रुवारी

ती. दादास, नमस्कार. वि. वि.

मला ते खाता येणार नाहीत. गेल्या दोन वर्षांत मी एकही खाल्लेला नाही.

आई लाडवात रामहरीची काळी पूड घालायची. तेलगावच्या बाजारात तो ती ताकदीची म्हणून विकतो. पहिल्या वर्षी मी खाल्ले, आणि ताकद आली हे खोटं नाही. पुढे यादीत नाव आलं तेव्हा सरांनी वर्ग घेतला. औषधाचं नाव मोबाईलवर टाकलं की चालतं की नाही ते कळतं, पण त्या पुडीला नावच नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाई प्रेमाने म्हणाल्या की ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही, त्याला आम्ही हो म्हणू शकत नाही. कुणी घातलं, का घातलं, हे कुणी विचारत नाही. तुझ्या अंगात सापडलं की तू जबाबदार. माझ्याच खोलीतली एक मुलगी अशाच पुडीपायी चार वर्षं घरी बसली.

आईला हे सांगायची हिंमत झाली नाही. दर सोमवारी डबा कॅनॉलमध्ये रिकामा करायची आणि तिला फोनवर सांगायची की लाडू लई भारी झालेत. ती विचारायची, सगळे खाल्ले का. मी हो म्हणायची. कावळा का शिवत नव्हता ते मला कळलं आहे.

परवा दुसरा डबा आला. दुप्पट जड. लाडू काळेभोर. मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. आज सकाळी नमुना घ्यायला बाई आल्या. सात दिवसांत काय काय घेतलं ते फॉर्मवर लिहायचं असतं. मी काही नाही असं लिहिलं. सही केली तेव्हा कागदावर तुपाचं बोट उमटलं. बाईंनी पाहिलं आणि कागद पाकिटात घातला. खोलीत येऊन कुलूप काढलं. अकरा होते, आठ राहिलेत. दादा, मी हात लावलेला नाही. पण तोंडाला डिंकाची चव आहे.

याच महिन्यात निवड चाचणी आहे. हे पत्र आईला वाचून दाखव. माझ्याकडून तिला सांगितलं गेलं नाही, तू सांग.

योगी


पाली, ४ मार्च

चि. योगितास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

नमुना स्वच्छ निघाला आणि चाचणीत तू पहिली आलीस, हे वाचून आबांनी गावात पेढे वाटले. तीन सोमवार डबा आला नाही, तेव्हा आई शांत झाली का, असं तू विचारलंस. जे झालं ते लिहितो.

तुझं पत्र घेऊन मी दहा तारखेला बीडला गेलो. ती खांबाजवळ होती. तीच हिरवी साडी, जी आपण तिच्या अंगावर घातली होती. माझ्याकडे न बघता पुण्याच्या गाडीकडे बघत होती. मी शेजारी उभा राहून पत्र वाचलं, लोकांना वाटावं की स्वतःशीच वाचतोय. कॅनॉलचं वाक्य आलं तेव्हा तिने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मी तिला समजावलं की पोरीने मुद्दाम केलं नाही, तिच्या अंगात हे सापडलं तर तिचं सगळं जाईल. शब्द मी दिला होता, तिने नाही, हेही सांगितलं.

मग तिने गाठी सोडल्या आणि डबा माझ्यापुढे धरला.

मी उभ्यानेच खाल्ले, अकराच्या अकरा. लहानपणी खाताना ती आपल्या तोंडाकडे बघायची, तशी बघत होती. संपल्यावर रिकामा डबा बांधून ती फाटकाकडे गेली. पंडितने पायरीवरून हात केला, पण त्याच्याने हाक मारवली नाही.

तेव्हापासून दर सोमवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन जातो. काल एकवीस होते. रोहिणीने माझ्या सदऱ्यांच्या बाह्या दोनदा उसवून वाढवल्या. शाळेतली पोरं मला पैलवान गुरुजी म्हणायला लागली आहेत. परवा आबांनी मला पाण्याची भरलेली टाकी एकट्याने सरकवताना पाहिलं आणि विचारलं की काय खातूस रं. मी खरं सांगितलं. ते शेरडं घेऊन निघून गेले.

तू तुझं ठिकाण वेळेवर लिहीत जा, बाहेरचं खाऊ नकोस. माझी काळजी करू नकोस. मला तपासायला कुणी येत नाही.

तुझा,
दादा